व्याही तपासावर

मुलुंड (पूर्व),
१ मार्च १९८६

श्री. दत्ताराम दळवी आणि सौ. वनमालाताई यांना मार्तंड दामले याचा हात जोडून नमस्कार.

काल आपण चि. चंद्रप्रकाशला घेऊन आमच्याकडे आलात. मुलामुलीने कंपनीत एकमेकांना आधीच पसंत केलेलं, त्यामुळे आपल्याला करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. तरी अनुपमाचा बाप म्हणून मी घाबरलोच होतो. अठरा मेचा रविवार ठरला, आपण मानपानाचं नावही काढलं नाहीत आणि माझ्या पत्नीच्या, म्हणजे माणिकच्या साटोऱ्या आपण मागून घेतल्यात. आज सकाळपासून आमच्या घरात हाच विषय आहे.

आता थोडं संकोचाचं. बोलणी चालू असताना मी मध्येच उठून टीव्ही लावला. 'छडा' ही मालिका मी अंगात ताप असला तरी चुकवत नाही. कालच्या भागात इन्स्पेक्टर दिघे भर पावसात आपली छत्री सब-इन्स्पेक्टर यामिनीला देतो, तेव्हा मी म्हणालो, "वरिष्ठ असावा तर असा. निव्वळ खात्याची शिस्त." त्यावर वनमालाताई, आपण हसलात. पदराआड हसलात, पण मी पाहिलं. मुलीच्या बापाने असं विचारू नये, तरी विचारतो. आपण का हसलात?

आपला,
मार्तंड दामले


बोरिवली (पूर्व),
६ मार्च

भाऊसाहेब आणि माणिकताईंना वनमालाचा नमस्कार.

आमचे हे पत्रं लिहीत नाहीत. गिरणी सुटल्यापासून गोरेगावच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात, तिथे सह्या करून हात भरून येतो म्हणे. तेव्हा लिहिणार मीच. अक्षर कोंबडीने चालल्यासारखं आहे, सांभाळून घ्या.

हसले, कारण हसू आलं. अहो, स्वतः भिजून बाईमाणसाला छत्री देणारे साहेब तुमच्या हापिसात किती आहेत? त्या दिघ्याचं यामिनीवर मन बसलंय. आमच्या अख्ख्या मजल्याला कळलंय, यामिनीलाही कळलंय. फक्त दिघ्याला आणि तुम्हाला कळायचंय.

मालिका झकास आहे, पण खरी नाही हं. मागे त्या शिक्षिकेचा खून झाला तेव्हा गॅसवर दूध होतं. पोलीस आले, पंचनामा झाला, कुत्रा वास घेऊन गेला, तरी दूध उतू गेलं नाही. कुठल्या म्हशीचं होतं? आणि दिघे सात मजले धावत चढतो आणि वर पोचल्याबरोबर भाषण करतो. मी पाण्याची बादली घेऊन दोन मजले चढले तर माझ्या तोंडून शिवीसुद्धा निघत नाही. हे तर दर शुक्रवारी एकच बोलतात, "ह्यो कसलो पोलीस? ह्येच्या बुटाक चिखल कसो लागणा नाय?"

साटोऱ्या कशा करतात ते माणिकताईंकडून लिहून पाठवा.

वनमाला दळवी


मुलुंड,
१२ मार्च

सौ. वनमालाताईंना सविनय नमस्कार.

दुधाचा मुद्दा मला खोडता येत नाही. माणिकला वाचून दाखवला, ती म्हणाली, "बाई शहाणी आहे." पण छत्रीचा अर्थ मात्र आपण चुकीचा लावता आहात, असं मी अत्यंत आदरपूर्वक म्हणतो. दिघेच्या टेबलावर त्याच्या दिवंगत पत्नीचा फोटो आहे. चौकटीतला. गुन्हेगाराची उलटतपासणी चालू असतानाही तो फोटो हलत नाही. याला मी निष्ठा म्हणतो. टीव्हीवरची माणसं आपल्याला जाता जाता शिकवत असतात. दिघेचं बघून मी नजर ठेवायला शिकलो. हल्ली चालताना दुकानांच्या काचांतून मागचे लोक न्याहाळतो.

आपला,
मार्तंड दामले


बोरिवली,
१७ मार्च

भाऊसाहेब,

कार्डावर लिहिते, मेथी निवडायची आहे. फोटो हलत नाही ते बरोबर. कारण त्याला कोणी हातच लावत नाही. बोटभर धूळ आहे त्यावर. ज्याला बायको आठवते तो फोटो पुसतो. यामिनी टेबलाजवळ आली की मात्र साहेब पेन पुसतात.

आमचा चंदू हल्ली दर गुरुवारी उशिरा येतो, ओव्हरटाईम. लग्नाआधी चार पैसे गाठीला लावतोय बिचारा. आल्यावर नुसता पडून राहतो. त्याला विचारलं, "दिघ्याचं यामिनीवर प्रेम आहे की नाही?" तर म्हणतो, "आई, मेलेला माणूस मध्ये पडलेला असताना तुला प्रेम कसं दिसतं?" दिसतं हो. मेलेला माणूस कोण बघतं?

वनमाला


मुलुंड,
५ एप्रिल

सौ. वनमालाताईंना नमस्कार.

बरेच दिवस लिहिलं नाही, क्षमा असावी. धुळीचं उत्तर नंतर देईन. सध्या डोक्यात एक प्रसंग घोळतो आहे. संपूर्ण काल्पनिक. मी घाटकोपरला चष्मा आणायला उतरलो होतो तेव्हा सुचला.

समजा, 'छडा'सारख्या मालिकेत एक तरुण आहे. ड्राफ्ट्समन म्हणू. बोरिवलीकडचा म्हणू. एका सालस मुलीशी त्याचं लग्न ठरलं आहे. घरी तो ओव्हरटाईम सांगतो आणि दर गुरुवारी घाटकोपरला एका बाईंच्या घरी जातो. बाई चाळिशीच्या, ठसठशीत कुंकू, घरात दुसरं कोणी दिसत नाही. आतून काहीतरी जोरात पडल्याचे आवाज येतात. एकदा किंचाळी. तासाभराने तरुण घामाघूम होऊन बाहेर पडतो. नंतर बाई गॅलरीत त्याचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट वाळत घालतात आणि शर्टावर, बरोबर छातीशी, लाल डाग!

आपण चाणाक्ष आहात. यात काय भानगड असावी? आणि मुख्य म्हणजे, त्या तरुणाच्या आईला याची कितपत कल्पना असावी? मला आपलं सहज कुतूहल.

आपला,
मा. दामले


बोरिवली,
९ एप्रिल

भाऊसाहेब, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात! मालिकेला गोष्ट पाठवताय होय? पाठवाच. मी पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, ह्यांचा चहा गार झाला.

आता भानगड सांगते. ती बाई म्हणजे त्याची पहिली बायको. वयाने मोठी, इस्टेटीसाठी केलेली. किंचाळी तिच्या नवऱ्याची. म्हणजे तिला पण आधीचा नवरा दाखवा, कपाटात कोंडलेला. लाल डाग त्याचेच. दुसरं काय असणार, लोणच्याचं तेल? नव्या मुलीशी लग्न करायचं, तिचे दागिने घ्यायचे आणि बाईबरोबर पळून जायचं.

आणि आई सामील! हे मुख्य. आईला पहिल्यापासून सगळं ठाऊक. वरून ही गोड बोलणारी, मानपान नको म्हणणारी, पत्रंबित्रं लिहिणारी. कोणाला संशयच यायला नको. मुलीचा बाप मात्र जरा बावळट दाखवा, तेवढंच हसू येईल. शेवटी यामिनीने आईला बेड्या घालाव्यात, दिघ्याने यामिनीकडे बघावं आणि संपवा.

लवकर पाठवा, दुसरं कोणी ढापायच्या आत.

वनमाला


मुलुंड,
१२ एप्रिल

सौ. वनमाला दळवी यांना,

आपलं पत्र मी तीनदा वाचलं. जे विचारायला माझी जीभ रेटत नव्हती ते आपण स्वतःच्या अक्षरात कबूल केलंत, आणि तेही इतक्या आनंदाने.

तो तरुण काल्पनिक नाही हे आपण ओळखलंतच. मी गुरुवारमागून गुरुवार त्या घरासमोरच्या दूध केंद्राशी उभा राहून ही पाळत ठेवली. संशय येऊ नये म्हणून दर वेळी दूध घेतलं. कपाटातल्या गृहस्थांची मला कल्पना नव्हती, ती आपण दिलीत.

मी साधा माणूस आहे. बावळटही असेन. पण अनुपमा माझी एकुलती एक मुलगी आहे. तिच्या लहानपणी तिला ठेच लागली तर मी दगडाला मारत असे. हे लग्न होणार नाही. तिला आणि माणिकला मी योग्य वेळी सांगेन. कृपया पत्रव्यवहार थांबवावा.

मार्तंड दामले


मुलुंड,
१२ एप्रिल

प्रिय वनमालाताई, माणिकचा नमस्कार.

कधीची लिहीन लिहीन म्हणते. विहिणीची साडी घ्यायला दादरला जाणार आहे, तर तुम्हाला मोरपिशी चालेल की डाळिंबी? काठ रुंद की बारीक? अनुपमा म्हणते, "काकूंना डाळिंबी खुलेल." चंद्रप्रकाशच्या मापाचा एक शर्ट पाठवून द्या, हे सफारी शिवायचं म्हणत होते. म्हणजे आधी म्हणत होते. हल्ली यांचं काही कळत नाही. दर गुरुवारी घाटकोपरहून दोन बाटल्या दूध घेऊन येतात. मुलुंडला दूध मिळत नाही का हो? खरवस म्हणावा तर तोही नाही. मी बासुंद्या आटवून थकले.

साटोऱ्यांची कृती मागच्या पानावर.

तुमची,
माणिक


बोरिवली,
१५ एप्रिल

इन्स्पेक्टरसाहेब,

एकाच टपालाने तुमच्या घरातून दोन पत्रं आली. एकात लग्न मोडलंय, दुसऱ्यात साडीचा रंग विचारलाय. आधी घरात ठरवा. मोडणारच असेल तर डाळिंबी नको.

तुमचं वाचून पहिल्यांदा मला काही समजेना. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं. माझ्या पोराची पहिली बायको! कपाटात नवरा! आणि हे सगळं माझ्याच तोंडचं! अहो, मी गोष्ट रचत होते. तुम्ही म्हणालात काल्पनिक, मी म्हटलं काल्पनिक. मला काय माहीत तुम्ही माझ्या चंदूच्या पाठी दुधाच्या बाटल्या घेऊन फिरताय?

चंदू आल्यावर विचारलं. आधी बोलेना. मग ह्यांनी आवाज चढवला तेव्हा बोलला, आणि बोलता बोलता हसत खाली बसला. काय ते मी तुम्हाला सांगणार नाही. येत्या शुक्रवारी 'छडा' लावा. नीट बघा.

तुम्ही मुलीचे बाप, तुमचा जीव वरखाली होतो हे समजतं. मी पण पोराची आई आहे. आठवीत असताना कोणी त्याला चोर म्हणालं तर मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले होते. तुमच्या दारात येत नाही, ती फक्त माणिकताईंची लाज म्हणून. मनात आलं होतं तर त्याला तोंडावर विचारायचं होतंत. "काय रे, कुठे जातोस?" एवढंच.

लग्न मोडायचं की नाही ते शुक्रवारनंतर मी बघीन.

वनमाला दळवी


मुलुंड,
१९ एप्रिल

सौ. वनमालाताई,

हे पत्र आपण न वाचता चुलीत घातलंत तरी माझी तक्रार नाही.

काल आम्ही तिघे टीव्हीसमोर बसलो. अनुपमा सारखी घड्याळाकडे बघत होती. लॉजची खोली दिसली. दारावर टकटक झाली. पलंगावरचा माणूस उठून म्हणाला, "कोण आहे?" तो पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट मी ओळखला, मग त्यातला माणूस ओळखला, तेवढ्यात सुरा आला आणि तो धाडकन पडला. मी उभा राहून ओरडलो, "चंद्रप्रकाश, मागे बघा!" शेजारचे लोक दारात आले.

अनुपमा हसून हसून लोळत होती. तिला सगळं ठाऊक होतं. घाटकोपरच्या प्रेमाबाई हौशी नाटकमंडळी चालवतात, मालिकेला किरकोळ कामाची माणसं पुरवतात, आणि दर गुरुवारी चंद्रप्रकाशला मरायला शिकवत होत्या. त्यांच्या घरातले आवाज ते गादीवर पडण्याचे. किंचाळी प्रेमाबाईंची, कारण एकदा तो गादी सोडून त्यांच्या पायावर पडला. डाग कुंकवाच्या पाण्याचे. प्रसंग कापला गेला तर फजिती नको म्हणून त्याने अनुपमाखेरीज आपल्याला, आम्हाला, कोणालाच सांगितलं नव्हतं.

हे ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, मी तर तुझं लग्न मोडलं ना!"

अनुपमाचं हसू जागच्या जागी थांबलं. ती आतल्या खोलीत गेली आणि तिने कडी लावली. माणिकने टीव्ही बंद केला. दिघे तोंड उघडत होता, तसाच गेला. ती मला एवढंच म्हणाली, "म्हणून बासुंदी."

तेव्हापासून दोघी माझ्याशी बोलत नाहीत. जेवण वाढलं जातं, पण पानाकडे बघून. मी आपला, दत्तारामांचा आणि सर्वांत जास्त चंद्रप्रकाशचा अपराधी आहे. आपण जे ठरवाल ते मला मान्य आहे. फक्त माझ्या मूर्खपणाची किंमत मुलीला मोजायला लावू नका, एवढी भीक घाला.

मेल्यावरही चंद्रप्रकाशचं पोट वरखाली होत होतं. हे मी घरात कोणाजवळ बोललो नाही. मला आता त्या घरात काही बोलायची सोय नाही.

मार्तंड


बोरिवली,
२४ एप्रिल

भाऊसाहेब,

पत्र चुलीत घातलं नाही. आमच्याकडे गॅस आहे.

पोट हललं ते मला पण दिसलं. पण आधी माझी गंमत ऐका. मला तर सगळं माहीत होतं ना? चंदू माझ्या शेजारीच बसला होता, बशीतून चहा ओढत. पण तो पडद्यावर पडला, डोळे उघडे, छातीवर लाल, आणि माझा जो गळा निघाला! "माझ्या बाळा" करून मी असा हंबरडा फोडला की हे ओरडायला लागले, "गे, तो हंयसर बसलो आसा, चाय पिता!" मला काय ऐकू येतंय? खालच्या मजल्यापर्यंत आवाज गेला. सकाळी खालची शांताबाई डोळे पुसत पिठलं-भाताचं पातेलं घेऊन वर आली. दार चंदूने उघडलं, तोंडात ब्रश, फेसाने भरलेला. ती पातेलं टाकून पळाली. पिठलं जिन्यावर, बाई खाली गेटापाशी. दोन दिवस ती आमच्या दारावरून जाताना देवाचं नाव घेत होती.

तेव्हा सगळं खरं मानणारे एकटे तुम्ही नाही. मी पण त्यातलीच.

खरं सांगू? तुम्हाला महिनाभर तरी टांगून ठेवायचं मी ठरवलं होतं. पण रविवारी दुपारी दारात अनुपमा उभी. एकटी, मुलुंडहून बस बदलत आलेली, घामाने केस कपाळाला चिकटलेले. पाणी पण घेईना. म्हणाली, "काकू, बाबांनी जे केलं त्याची मला लाज वाटते. पण ते वाईट नाहीत हो. मी लहान असताना मला यायला उशीर झाला की ते नाक्यावर येऊन उभे राहायचे, आणि मी दिसले की आपण भाजी घ्यायला आलोय असं दाखवायचे. त्यांना विचारता येत नाही, ते नुसते उभे राहतात." आणि मग रडली. चंदू घरातच होता. त्याला वाटलं मी तिला काही बोलले, तर तो माझ्यावर भडकला. लग्नाआधीच!

अशी पोरगी मी सोडीन का?

या रविवारी दोघं जेवायला या. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या करते, तुम्हाला चालेल असं. पत्राने मोडलंत, आता तोंडाने जोडा. चंदूशी तुम्ही स्वतः बोला, मी मध्ये पडणार नाही. तो रागावलेला नाही, उलट त्याला वाटतंय तुम्हाला त्याचं काम पटलं. पोटाचं त्याला सांगू नका.

माणिकताईंना सांगा, डाळिंबी. काठ रुंद.

वनमाला


मुलुंड,
७ जून

सौ. वनमालाताईंना नमस्कार.

लग्नाची गडबड ओसरली, पाहुणे गेले, घर आवरून झालं. आता आवरायला काही नाही.

काल 'छडा'चा शेवटचा भाग झाला. आपण पाहिलाच असेल. दिघेची नागपूरला बदली. यामिनी त्याला सलाम करते, तो सलाम घेतो, जीप निघून जाते. ना आपलं म्हणणं सिद्ध झालं, ना माझं. मला चीड आली. जीप गेल्यावर सवयीने म्हणालो, "बघितलंस ना अनू?" माणिक भरतकाम करत होती. तिने सुई थांबवली आणि पुन्हा चालू केली.

मुलगी सासरी गेली की घर रिकामं वाटतं हे लोक सांगतात. मला वाटायचं, बोलायची रीत आहे. आमच्याकडे परवा चहाला तीन कप आले आणि दोघांनाही तिसरा उचलून आत ठेवता येईना.

अनू फोन करते, पण शेजारच्यांच्या घरी, त्यांच्यासमोर काय बोलणार? "बरी आहेस ना?" "बरी आहे." पुढे मी नुसता उभा.

खरी अडचण वेगळीच आहे. मालिका संपली. आता मी आपल्याला पत्र कशाबद्दल लिहू?

आपला,
मार्तंड दामले


बोरिवली,
११ जून

भाऊसाहेब,

दिघे यामिनीला नागपूरहून पत्र लिहील आणि दिवाळीत येऊन मागणी घालील. माझ्याकडून हे लिहून घ्या. टीव्हीवाल्यांना दाखवायला वेळ नव्हता, म्हणून काय झालं नाही असं नाही.

आता नीट वाचा. परवा अनुपमा माझ्याशी भांडली. पहिल्यांदाच. आल्यापासून नुसती "हो आई, बरं आई" चालू होतं, मला तर पाहुणी ठेवल्यासारखं वाटायचं. परवा आमटीत गुळाचा खडा टाकायला निघाली. मी म्हटलं, "ह्या घरात आमटीत गूळ घालत नाहीत." तर कमरेला पदर खोचून म्हणते, "आई, ह्या घरात आता मी पण आहे ना?" आणि टाकला! माझ्या डोळ्यांदेखत! मला असा राग आला भाऊसाहेब, आणि असं बरं वाटलं. रात्री ह्यांनी मागून मागून दोन वाट्या ओरपल्या. चंदू दोघींकडे बघत गप्प बसला. मरायचा अभ्यास कामाला आला.

काल मी गूळ वरच्या फळीवर लपवला. तिने स्टूल घेऊन काढला. आज मी स्टूल लपवलंय.

तेव्हा कशाबद्दल लिहू म्हणून विचारू नका. तुमच्या घरी आमटीत गूळ नक्की किती घालतात, चिंच की आमसूल, गूळ आधी की नंतर, आणि लहानपणी ती कशावर रुसायची, कशाने गप्प व्हायची, सगळं माणिकताईंना विचारून सविस्तर लिहा. कार्डावर नको, पाकिटात घाला. ती तुमची मुलगी आहे, मला एकटीला आवरणारी नाही.

वनमाला